पोच घेतली का?

या महिन्याला पत्रांचा ढीग आलाय आणि निम्म्याहून जास्त पत्रांत एकच वाक्य, "आम्ही सांगितलं होतं की त्यांना". अहो सांगितलं म्हणजे तोंडीच ना. असो, घेऊ एकेक.

प्रश्न: ताई, दिवाळीच्या आदल्या आठवड्यात आमच्या शेतातल्या पत्र्याच्या शेडचं कुलूप तोडून सोयाबीनचे नऊ कट्टे नेले. ठाण्यात गेलो तर जमादार म्हणले अर्ज लिहून द्या, बघू. दिला. दीड महिना झाला, परवा विचारायला गेलो तर म्हणायलेत ही एनसी (अदखलपात्र गुन्हा) आहे, तुमचं तुम्ही कोर्टात बघा. कागदावर मालाची किंमत 4,500 टाकलेली दिसली. आता काय करू? (शेतकरी, लातूर जिल्हा)

उत्तर: दादा, त्या 4,500 मध्येच सगळी मेख आहे. नऊ कट्टे म्हणजे साठ-साठ किलोचे धरले तरी पाच क्विंटलच्या वर माल, आणि 4,500 रुपयांत धड दीड क्विंटल सोयाबीन येत नाही हे लातूरच्या माणसाला मी काय सांगू. मग आकडा असा का? तर 1 जुलै 2024 पासून जे नवीन कायदे लागू झाले त्यात 5,000 च्या आतली साधी चोरी अदखलपात्र झाली, म्हणजे मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. आता माल 5,000 च्या आत बसवला की तपासाचं लचांडच नको आणि ठाण्याचा गुन्ह्यांचा आकडा पण वाढत नाही, मी कोणावर आरोप करत नाही पण अशा किंमती मी लई बघितल्या.

तरी तुमच्या केसमध्ये ही युक्ती मुळातच चालत नाही. भारतीय न्याय संहितेत साधी चोरी आहे कलम 303, आणि माल ठेवायच्या इमारतीतनं चोरी केली तर 305, शिक्षा सात वर्षांपर्यंत. तिथं 5,000 ची अट नाही. एकच कट्टा गेला असता तरी तो दखलपात्रच, वर कुलूप तोडल्याचं वेगळं. 'आधी चौकशी करतो मग बघू' असं म्हणतील, तर ती 14 दिवसांची प्राथमिक चौकशी तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्याला आहे आणि तिला पण डीवायएसपींची (पोलीस उपअधीक्षकांची) परवानगी लागते. 305 ला शिक्षा पुरी सात वर्षांपर्यंत, म्हणून तो त्यात बसत नाही. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यायलाच पाहिजे हे सुप्रीम कोर्टानं 2013 मध्येच ललिता कुमारी केसमध्ये सांगून ठेवलंय.

मग करायचं काय, तर तोच मजकूर, कुलूप तोडल्याचं आणि शेडचं स्पष्ट लिहून, खरी किंमत टाकून एसपींना (जिल्हा पोलीस अधीक्षकांना) रजिस्टर एडीनं पाठवा, पोस्टाची पावती जपून ठेवा. तिथनं पण काही हललं नाही तर प्रतिज्ञापत्र जोडून मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175 खाली, पण तिथं कोर्ट पहिला प्रश्न विचारतं की आधी एसपींना कळवलं का, दाखवा. म्हणून पावती. आणि नऊ कट्टे होते याला पुरावा काय असं कोणी विचारलं तर मळणीवाल्याची वही! त्याला कट्ट्यावर पैसे असतात त्यामुळं त्यानं कट्टे मोजून लिहिलेलेच असतात, त्या पानाचा आजच्या आज मोबाईलवर फोटो काढून घ्या, पुढच्या हंगामाला तो वही बदलतो.

एफआयआरची कॉपी फिर्यादीला फुकट द्यायची असते. तपास कुठवर आला हे पण 90 दिवसांच्या आत कळवायचं बंधन आहे. आणि तुम्ही दिलेल्या पहिल्या अर्जावर ठाण्याचा शिक्का आणि तारीख, म्हणजे पोच, घेतली होती का? पत्रात त्याबद्दल काहीच लिहिलं नाही, म्हणजे नसणारच.

प्रश्न: वकील ताई, 2017 ला मुलीच्या लग्नासाठी गावातल्या एकाकडनं दोन लाख घेतले, शेकडा तीन रुपयानं. त्यानं दोन एकराचं खरेदीखत करून घेतलं, म्हणला पैसे फेड, रान परत लिहून देतो. चार वर्षं महिन्याला सहा हजार भरले. आता म्हणतो रान माझंच, फेर (मालक बदलल्याची तलाठ्याकडची नोंद) पण ओढलाय. जमीन आजपण आम्हीच कसतो. काही होईल का? (बीड जिल्हा)

उत्तर: भाऊ, चार वर्षं सहा हजारानं 2,88,000 होतात. दोन लाखाला. शेकडा तीन म्हणजे वर्षाला 36 टक्के, आणि लायसन असलेल्या सावकाराला सुद्धा शेतकऱ्याकडनं तारण कर्जावर वर्षाला 9 च्या वर घेता येत नाही, शिवाय व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. तुमच्या माणसाकडं लायसन असेल असं मला वाटत नाही. नसेल तर महाराष्ट्र सावकारी कायदा 2014 प्रमाणं तो स्वतःच गुन्हेगार आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

रानाचं सांगते, नीट वाचा. बरेच जण सरळ दिवाणी कोर्टात जातात की हे खरेदीखत खोटं आहे, हे गहाण होतं. तिथं घोडं अडतं. 'पैसे फेडल्यावर परत देईन' ही अट खरेदीखतातच लिहिलेली पाहिजे, वेगळ्या बाँडवर लिहिलेली असेल तर कायदा त्याला गहाण मानत नाही. आणि तुमच्याकडं तर वेगळा बाँडपण नाही, नुसता शब्द. पण सावकारी कायद्याच्या कलम 18 मध्ये वेगळी वाट आहे. सावकारीच्या व्यवहारात गेलेली जमीन, व्यवहाराला 15 वर्षं झालेली नसतील तर, जिल्हा निबंधक म्हणजे आपले सहकार खात्याचे डीडीआर चौकशी करून परत द्यायचा हुकूम करू शकतात. 2017 म्हणजे तुम्ही मुदतीत आहात, पण म्हणून बसून राहू नका, साक्षीदार म्हातारे होतात आणि काहींना सावकार पण फोडतो.

अर्ज तालुक्याच्या सहायक निबंधकाकडं द्या, दोन प्रती न्या, एकीवर शिक्का मारून घेतल्याशिवाय पायरी उतरू नका. सोबत काय लावायचं तर सहा हजार फोन पे नं दिले असतील तर बँकेचं स्टेटमेंट, सातबाऱ्याची पीक पाहणी, खत, बियाणं, पीक विमा तुमच्या नावावर असेल त्याच्या पावत्या. विकलेल्या रानात विकणारा सात-आठ वर्षं पेरतो कसा, याचं उत्तर त्या माणसाला द्यावं लागेल. त्याच गावात त्यानं अजून कोणाकोणाची खरेदीखतं केलीत त्याचे फेरफार पण काढा, एकाच माणसाच्या नावावर अडल्यानडल्यांची सहा-सात रानं दिसली की चौकशी अधिकाऱ्याला फार समजावून सांगावं लागत नाही. हातउसने दिले होते अशी पळवाट तो काढणार, हे फेरफार त्यावरच लागू पडतात.

प्रश्न: वडील 2003 मध्ये वारले. आता भाऊ म्हणतात तुझा हक्कच नाही, मुलींच्या हक्काचा कायदा 2005 चा आहे, पण तरी हक्कसोड करून दे. वकिलाला द्यायला पैसे नाहीत. (परभणी)

उत्तर: अक्का, हक्कच नाही तर सोडायचा काय? 11 ऑगस्ट 2020 ला सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा केसमध्ये सांगितलं की वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क जन्मापासनं आहे, 2005 मध्ये वडील हयात पाहिजेत असं नाही. फक्त 20 डिसेंबर 2004 च्या आधी रीतसर वाटणी नाहीतर विक्री झाली असेल तर ती उकरता येत नाही, म्हणून आधी जुने फेरफार काढून बघा. द्यायचं की नाही ते तुमचं, माहेर तुटायची भीती मला कळते, मी पण चार भावांची बहीण आहे. पण कोऱ्या बाँडवर सही करू नका. आणि तलाठ्याची फेराची नोटीस आली तर 15 दिवसांत लेखी हरकत द्या. वकिलाचे पैसे नाहीत असं लिहिलंय, तर बाईला तालुका विधी सेवा समितीकडनं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. 15100 ला फोन लावा.

प्रश्न: शेजारच्या भांडणात साक्षीदार म्हणून माझ्या 64 वर्षांच्या वडिलांना ठाण्यात बोलवायलेत, दोनदा जाऊन बसवून ठेवलं. (जालना)

उत्तर: साठच्या वरच्या माणसाला साक्षीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 179, जबाब घरी येऊन घ्यायचा. बाईला पण हेच. स्वतःहून जायचं असेल तर गोष्ट वेगळी. परत फोन आला तर भांडू नका, लेखी नोटीस पाठवा म्हणा, बहुतेक वेळा ती येतच नाही, आणि आली तर वडिलांचं वय टाकून तिच्यावरच उत्तर द्या. दोन प्रती काढा.