पुश बटनवाली गाडी खरंच सहज चोरीला जाते का?

तुमचा प्रश्न असा: नवी गाडी घेताय, पण पुश बटनवाली गाडी किल्लीला हात न लावता चोरतात म्हणे, मग साधी किल्लीवाली घ्यावी का?

म्हणे नाही, खरंच चोरतात. मी सांगलीत शंभरफुटी रोडला गाड्यांचं वायरिंग करतो. घोळ कुठं आहे ते सांगतो.

हँडलला हात लावला की गाडी विचारते, ‘किल्ली जवळ आहे का?’ हा सिग्नल मुद्दामच मीटर-दीड मीटर पोचेल एवढा ठेवलेला असतो. किल्लीनं ‘आहे’ म्हटलं की दार उघडतं. पण उत्तर किती लांबून आलं, हे बहुतेक गाड्यांना कळत नाही. एक चोर गाडीपाशी, दुसरा तुमच्या दाराबाहेर, दोघांकडं सिग्नल पुढं ढकलणारी यंत्रं. किल्ली आत खुंटीला आणि गाडी गेली! झुरिकच्या संशोधकांनी २०११ साली आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हे करून बघितलं, दहाही फसली. आता काही गाड्या किल्लीचं अंतर मोजतात, काहींची किल्ली थोडा वेळ हलली नाही की झोपते. शोरूममध्ये हे विचारा. सेल्समन सनरूफचंच सांगत बसेल.

साधी घ्यायची तर किल्लीत चिप असलेलीच. आमच्या जुन्या व्हॅनचं कुलूप एवढं झिजलं होतं, की शेजाऱ्यांच्या किल्लीनंही चालू व्हायची. आम्ही त्याला सोय समजायचो! चिपचा कोड जुळला नाही तर ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजिन चालूच होऊ देत नाही. मी स्वतः हीच वापरतो. ताप एवढाच, की कधीकधी ती मालकालाही ओळखत नाही.

मागं मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला आलेल्या एका काकांनी बोलावलं. “सकाळी चालू हुती की ओ!” स्टार्टर फिरत होता, इंजिन धरत नव्हतं, मीटरवर किल्लीचा दिवा लुकलुकत होता. किल्ली उघडली तर चिपची जागा रिकामी. काकांनी तासाभरापूर्वी रस्त्यावर किल्लीचं कव्हर बदलून घेतलं होतं. तांदळाच्या दाण्याएवढी चिप जुन्या कव्हरात, आणि ते कव्हर गटारीत.

“दुसरी किल्ली कुठाय?”

“ती डॅशबोर्डातच असती की.”

काढली, फिरवली, गाडी चालू. मला काम सोपं झालं, चोरालाही तेवढंच सोपं गेलं असतं. शिवाय चोरीचा क्लेम करताना विमावाले दोन्ही किल्ल्या मागतात, तेव्हा दुसरी गाडीतच होती म्हणून सांगायची पाळी येते.

तेव्हा बटनवाली आवडली असेल तर खुशाल घ्या, वर गिअर लॉक बसवा. रोज लावायचा कंटाळा येतो, पण चोरालाही त्यापायी वेळ घालवावा लागतो. आणि रात्री किल्ली घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा. आधी किल्लीसकट डबा गाडीपाशी नेऊन हँडल दाबून बघा, दार उघडलं तर तो डबा बाद. आमच्या घरी चकलीचा डबा नापास झाला, चहापावडरीचा चालला.