ड्रम रेकॉर्ड करताना मोनो (एकच चॅनल) की स्टिरिओ (डावा-उजवा असे दोन चॅनल)?
दोन्ही, पण जागा ठरलेल्या. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (कडक आवाजाचा छोटा ड्रम) यांना एकेकच माइक असेल तर ट्रॅक मोनोच ठेवा. स्टिरिओ ट्रॅक घेतलात तर डावी-उजवीकडे तेच वाजतं, आवाज रुंद होत नाही.

स्टिरिओचा खरा उपयोग ओव्हरहेडला, म्हणजे ड्रमच्या वर लावलेल्या दोन माइकना. तिथे दोन्ही माइकचं स्नेअरच्या मध्यापासूनचं अंतर दोरीने मोजून सारखं ठेवा. याचा कंटाळा अजिबात करू नका! ३४ सेंमी फरक पडला तरी एका माइकमध्ये स्नेअर साधारण १ मिलिसेकंद उशिरा पोहोचते, आणि दोन्ही ट्रॅक मोनोत एकत्र केले की ती पोकळ वाजते. फोनच्या एकाच स्पीकरवर ऐकणाऱ्याला नेमकं तेच ऐकू येईल.

एकच चांगला माइक आहे? मग बिनधास्त मोनो. दोन सुमार माइकच्या स्टिरिओपेक्षा मला तो केव्हाही आवडतो.