सीएनसी राउटरवर (संगणकावरून चालणारं कोरीव यंत्र) ईआर11 कॉलेट, म्हणजे बिट पकडणारी फटींची नळी, कितीही आवळलं तरी कोरताना बिट खाली सरकतं. स्पिंडलच (बिट फिरवणारी मोटर) बदलावा का?

स्पिंडल बदलू नका. आणि "अजून आवळा" असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं असेल, त्यांचं ऐकणं आधी थांबवा.

आमच्या सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेआधी मी सिद्धेश्वरांच्या सात नंदीध्वजांचं, म्हणजे यात्रेत मिरवल्या जाणाऱ्या उंच काठ्यांचं, पॅनल सागवानात कोरत होतो. सातही काठ्यांची खोली 2 मिमी ठेवलेली. डावीकडची पहिली काठी बरोबर उतरली, पण पुढे खोली वाढत गेली आणि सातवी जवळजवळ 4 मिमी झाली. आमचे दाजी तेव्हा घरी होते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर जॉबर (माग दुरुस्त करणारे), हातात कसब आहे, त्यात वाद नाही. पॅनल बघून लगेच म्हणाले, "नट ढिला राहतोय. पान्याला पाइप लाव आणि आवळ." मी म्हटलं, "दाजी, पाइप लागणार नाही." जेवणाचं ताट समोर आलं तरी वाद मिटला नव्हता.

कॉलेटच्या तोंडाशी बिटच्या शँकवर (कॉलेटमध्ये जाणाऱ्या गुळगुळीत दांड्यावर) मार्करने रेघ मारली आणि टाकाऊ तुकड्यावर एक जॉब चालवला. रेघ नटाच्या खाली उतरलेली दिसली. ही रेघ तुम्हीही मारा. ती जागेवर राहिली आणि तरी खोली चुकली, तर दोष झेडच्या (वर-खाली अक्षाच्या) कपलिंगमध्ये किंवा त्याच्या मोटरच्या स्टेप सुटण्यात आहे, कॉलेटला हात लावू नका. अपकट बिट भुसा वर फेकतं आणि स्वतःला लाकडात खाली ओढतं, म्हणून पकड कमी पडली की काम खोलच होत जातं.

मग व्हर्नियर लावला. शँक 3 मिमी, आणि मशीनबरोबर आलेलं कॉलेट 3.175 मिमीचं, म्हणजे पाव इंचाच्या निम्मं. नुसत्या डोळ्यांना हा फरक कळत नाही. कागदावर ईआर11 कॉलेट अर्धा मिमीपर्यंत मिटतं, पण स्वस्तातलं कॉलेट तोंडाशीच मिटतं आणि शँक अरुंद कड्यावर धरली जाते. अशा कॉलेटवर पाइप लावून जोर दिला की त्याच्या पाकळ्या वाकतात, आणि मग बरोबर मापाचं बिटही त्यात टिकत नाही. दाजींना मी हेच सांगत होतो.

कॉलेट काढलं तर फटींमध्ये सागवानाचा भुसा आणि कापसाचा धुरळा दाबून बसलेला. आमच्या भिंतीपलीकडे माग चालतात, धुरळा घरभर असतो. थिनर आणि जुन्या टूथब्रशने फटी साफ केल्या, स्पिंडलचा आतला टेपर (कॉलेट बसतं ती निमुळती खाच) कोरड्या फडक्याने पुसला. तेवढ्यात दाजी तेलाची कुपी घेऊन आले. मागाला तेल लागतं हे खरं, पण टेपरला थेंबही नको, तिथली सगळी पकड घर्षणावर आहे.

त्याच्याऐवजी 3 मिमीचं कॉलेट आधी नटात कट्कन बसवलं, मग नट स्पिंडलवर चढवला, मग बिट घातलं. शँक कॉलेटच्या पूर्ण 18 मिमी लांबीत गेली पाहिजे, पण बिटचे दाते कॉलेटच्या आत जाता कामा नयेत. दोन पाने, हाताचा जोर, बस. सातही काठ्या सारख्या आल्या. दाजी म्हणाले, "ही फळी मऊ असणार." फळी तीच होती, तिचाच उरलेला अर्धा भाग! आजही चार पाहुणे जमले की ते हाच विषय काढतात, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

दोन गोष्टी राहिल्या. तुमचं मशीन 775 मोटरचं लहान असेल, तर ईआर11चा तुकडा (कॉलेट ज्यात बसतं तो) मोटरच्या 5 मिमी शाफ्टवर बारीक ग्रब स्क्रूने धरलेला असतो. तो ढिला झाला तर वरचं सगळं करूनही तुकडाच सरकेल, त्यामुळे आधी तो तपासा. आणि बिट बोथट असेल किंवा शिसमात 3 मिमीच्या बिटने एका फेरीत 3 मिमी खोल जात असाल, तर चांगलं कॉलेटही हार मानेल. फेरीला 1 ते 1.5 मिमी घ्या. कॉलेट झिजतं, ते बदलायचीच वस्तू आहे. वाकलेलं कॉलेट सरळ करून वापरू नका, कुणी कितीही अनुभवी माणसाने सांगितलं तरी.