बाबांना कॅन्सर असल्याचं डॉक्टरांनी त्यांना सांगू नये, हे डॉक्टरांना कसं पटवू?

पटवू नका. बायोप्सीचा रिपोर्ट आला की "पेशंटला कळू देऊ नका" हे बहुतेक घरांतून येतंच, आणि त्याची किंमत पहिल्या किमोनंतर पेशंटच मोजतो.

समजा, बाबांना सांगितलंय की साधी गाठ आहे, ताकदीची सलाइन लावतोय. किमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची संख्या सगळ्यात खाली जाते. रात्री अकराला १०१ ताप येतो. घरच्यांची झोप कशाला मोडायची म्हणून बाबा गुपचूप क्रोसिन घेतात. ताप उतरतो, जंतुसंसर्ग मात्र वाढत राहतो आणि सकाळी बीपी ढासळलेलं असतं. १००.४ फॅरनहाइटलाच निघून, हॉस्पिटलात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं होतं. ज्याला किमो चालू आहे हेच माहीत नाही, तो अंगातल्या कणकणीला कशाला घाबरेल?

"ते खचतील" म्हणता? केस गळायला लागले, शेजारच्या खाटेवरच्याशी बोलणं झालं, की त्यांना कळतंच. फक्त मग तेही तुमच्यापासून लपवतात.

डॉक्टरांना विनंती करायचीच तर ही करा: दार लावून, बसून बोला. आधी बाबांनाच विचारा, "तुम्हाला काय झालंय असं वाटतं?" मग, "सगळं सांगू की मोजकं?" मग एका वाक्यात सांगा, आणि त्यात 'कॅन्सर' हा शब्द हवा, 'गाठ', 'ग्रोथ' नको. त्यानंतर गप्प राहा. डॉक्टर चुकतात ते इथेच. समोरचा रडायला लागला की घाईने किमोचं वेळापत्रक सांगू लागतात, आणि त्यातलं काहीही पेशंटच्या डोक्यात शिरत नाही. २००० साली मांडलेल्या 'स्पाइक्स' या सहा पायऱ्यांच्या पद्धतीत हाच क्रम आहे, तरी ओपीडीच्या गर्दीत तो पहिला बळी जातो. उपचार आजार बरा करण्यासाठी आहेत की आटोक्यात ठेवण्यासाठी, हे तुम्ही स्पष्ट विचारून घ्या.

आणि "मुलाची सही चालते" हे मला कुणी ऐकवू नये. सज्ञान, शुद्धीवरच्या पेशंटची संमती त्याचीच लागते. सुप्रीम कोर्टाने २००८ मध्येच ते स्पष्ट केलंय.

हां, बाबा स्वतःहून म्हणाले, "मला नको, मुलांशी बोला", तर तो त्यांचा हक्क. स्मृतिभ्रंश असेल तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही १००.४ हा आकडा आणि रात्रीचा फोन नंबर थर्मामीटरच्या डबीवर चिकटवून त्यांना दाखवा.