देणगीची बॅग आणि दत्तकाची फाइल

परदेशातून मूल दत्तक घेणाऱ्या आणि त्याच प्रवासात तिथल्या अनाथालयासाठी मदत नेऊ इच्छिणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे या खेपेस आली. त्यांतील पाच निवडली आहेत.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी परदेशातील एका अनाथालयातील मुलीला दत्तक घेत असून दीड महिन्याने तिला आणण्यासाठी निघणार आहोत. ही बातमी कळल्यापासून नातेवाईक, शेजारी आणि कार्यालयातील सहकारी तिथल्या इतर मुलांसाठी वस्तू आणून देत आहेत. तान्ह्या बाळांचे कपडे, खेळणी, दुधाच्या भुकटीचे डबे, ताप-खोकल्याची औषधे असे चार बॅगा भरतील इतके सामान जमले आहे. यातले काय न्यावे आणि तिथे ते कसे द्यावे?

उत्तर : तुमच्या पत्रात जमलेल्या वस्तूंची यादी आहे, पण त्या अनाथालयाने काय मागितले होते याचा उल्लेख नाही. बहुधा कोणी विचारलेच नसावे. आता विचारायचे ठरवलेत, तरी थेट अनाथालयाला फोन करू नका. आंतरदेशीय, म्हणजे एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या, दत्तकासंबंधीच्या १९९३ च्या हेग कराराचे कलम २९ असे सांगते की, मूल दत्तकयोग्य असल्याचा निर्णय, आवश्यक त्या संमती आणि तुमची पात्रता या गोष्टी पूर्ण होण्यापूर्वी दत्तकेच्छुक पालकांनी मुलाच्या जन्मदात्यांशी किंवा त्याला सांभाळणाऱ्यांशी संपर्क ठेवू नये. नात्यातले दत्तक असेल किंवा सक्षम अधिकाऱ्यांनी घालून दिलेल्या अटींनुसार संपर्क होत असेल, तरच त्याला अपवाद आहे. तुमचे प्रकरण या टप्प्याच्या पुढे गेले असण्याची शक्यता अधिक आहे. तरीही विचारणा तुमच्या मान्यताप्राप्त दत्तक संस्थेमार्फत आणि लेखी करावी, म्हणजे तुम्ही काय विचारले आणि त्यांनी काय कळवले याची नोंद दोन्हीकडे राहील.

आता सामानाकडे वळू. औषधे घरीच राहू द्या. जागतिक आरोग्य संघटनेने औषधांच्या देणगीसंबंधी १९९६ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि पुढे त्यांत सुधारणाही केल्या. त्यांनुसार दिलेले औषध पोहोचल्यानंतर सर्वसाधारणपणे किमान एक वर्ष वापरण्याजोगे असावे, त्यावरील मजकूर तिथल्या वैद्यकीय कर्मचाऱ्यांना समजणाऱ्या भाषेत असावा आणि रुग्णाला एकदा देऊन परत आलेली किंवा नमुन्यादाखल फुकट मिळालेली औषधे देणगीत नसावीत. शेजाऱ्यांच्या कपाटातून निघालेल्या खोकल्याच्या बाटल्या या कसोटीला उतरणार नाहीत. ज्या काळजीवाहक स्त्रीला त्यावरचे अक्षरही वाचता येत नाही, तिने त्यातून दोन वर्षांच्या मुलाला किती द्यायचे, हा प्रश्न तुम्ही तिच्या गळ्यात बांधू नये.

दुधाच्या भुकटीचे प्रकरण अधिक नाजूक आहे, कारण देणाऱ्याला ती सर्वांत पुण्याची वस्तू वाटते. मातेच्या दुधाला पर्यायी पदार्थांच्या विक्रीसंबंधीची १९८१ ची आंतरराष्ट्रीय संहिता अशा देणगीला एक अट घालते : संस्थेबाहेरच्या बाळांसाठी भुकटी दिली, तर त्या बाळांना गरज असेपर्यंत पुरवठा चालू राहील याची व्यवस्था संस्थेने करावी. हे तत्त्व अनाथालयाच्या चार भिंतींतही तितकेच शहाणपणाचे आहे. सहा डबे देऊन तुम्ही निघून जाल; सातव्या डब्याच्या वेळी त्या बाळाला पुन्हा दुसऱ्या भुकटीवर आणावे लागेल, नाही तर तीच भुकटी पुरवावी म्हणून पाणी जास्त घालण्याचा मोह होईल. संस्थेने विशिष्ट भुकटी मागितली असेल आणि ती तिथे मिळत असेल, तर तिथेच घ्यावी.

कपड्यांबाबत एक गमतीची, पण खरी गोष्ट सांगतो. देणारे लोक हटकून इवलेसे झबले आणि टोपडे आणतात, कारण ते हातात घेताना त्यांनाच सुख होते. अनाथालयांत मात्र शाळकरी वयाची आणि अपंगत्व असलेली मुले पुष्कळ असतात आणि त्यांच्या मापाचे बूट किंवा अंतर्वस्त्रे कोणी आणत नाही. बटणाएवढ्या बॅटरीवर चालणारी खेळणी वगळा. ती बॅटरी गिळली गेल्यास अन्ननलिका काही तासांत भाजू शकते. उरलेल्यातून मागणीशी जुळणारे तेवढे एका बॅगेत भरा. बऱ्याच विमान कंपन्या एका बॅगेला सुमारे २३ किलोंची मर्यादा घालतात आणि परतीच्या प्रवासात तुमचे दोन्ही हात मुलीसाठी मोकळे असायला हवेत, हे आताच लक्षात घ्या. एकाच प्रकारच्या नव्या, लेबल लावलेल्या वस्तू मोठ्या संख्येने दिसल्या की सीमाशुल्क अधिकाऱ्यांना त्या व्यापारी माल वाटतात. तेव्हा वस्तूंची यादी आणि संस्थेचे स्वीकृतिपत्र जवळ असू द्या.

राहिला देण्याचा प्रकार. मुलांना रांगेत उभे करून स्वतःच्या हातांनी वाटप करू नका. त्या दालनातील प्रत्येक मूल तुमच्या मुलीला तुमच्याबरोबर जाताना पाहणार आहे आणि आपल्याला न्यायला कोणी का आले नाही, असे त्यांतील कित्येकांच्या मनात येणार आहे. त्याच हाताने त्यांना बाहुली देणे म्हणजे त्यांच्याकडून आनंदाची पावती मागणे होय. सामान कार्यालयात व्यवस्थापकांकडे, यादीवर सही घेऊन, दत्तकाचा आदेश हाती आल्यानंतर द्यावे. उरलेल्या तीन बॅगा ज्यांनी दिल्या त्यांना स्पष्ट सांगून परत कराव्यात किंवा त्यांच्या संमतीने जवळच्या गरजूंना द्याव्यात. थोडी नाराजी होईल; ती सोसण्यासारखी आहे.

प्रश्न : अंतिम सुनावणीच्या आधी अनाथालयाच्या संचालकांना रोख ‘ऐच्छिक’ देणगी द्यावी, असे आमच्या मध्यस्थांनी सुचवले आहे. सगळेच पालक देतात आणि न दिल्यास कागदपत्रे रेंगाळतात, असेही ते म्हणाले. मुलांसाठीच जाणारा पैसा आहे, तर द्यायला हरकत काय?

उत्तर : न दिल्यास कागद रेंगाळणार असतील, तर ती देणगी ऐच्छिक राहिली नाही. तिला जे नाव आहे ते तुम्हालाही ठाऊक आहे, म्हणूनच तुम्ही पत्र लिहिले.

हेग कराराचे कलम ३२ सांगते की, आंतरदेशीय दत्तकाशी संबंधित कामातून कोणीही अनुचित आर्थिक किंवा अन्य लाभ मिळवू नये. प्रत्यक्ष खर्च आणि संबंधितांचे वाजवी व्यावसायिक शुल्क एवढेच आकारता किंवा देता येते. कलम ४ नुसार मूल देण्याची संमती पैसा किंवा कोणताही मोबदला देऊन मिळवलेली नसावी. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या कलम २१ मध्येही अनुचित आर्थिक लाभाला मज्जाव आहे. सगळ्या तरतुदींमागचे कारण एकच आहे. दत्तक गेलेल्या प्रत्येक मुलामागे अनाथालयाला रक्कम मिळू लागली, की मुलासाठी घर शोधणे मागे पडते आणि घरांसाठी मुले शोधणे सुरू होते.

याचे उदाहरण दूर शोधायला नको. चीनमधून दत्तक घेणाऱ्या परदेशी पालकांना अनाथालयासाठी ठरावीक देणगी द्यावी लागे. हुनान प्रांतातील काही अनाथालये दलालांकडून बाळे विकत घेऊन ती टाकून दिलेली असल्याचे दाखवत होती, हे २००५ मध्ये उघड झाले आणि २००६ मध्ये तिथल्या न्यायालयाने आरोपींना शिक्षा सुनावल्या. देणगी देणारे पालक वाईट नव्हते. आपण मागे राहिलेल्या मुलांच्या दुधासाठी पैसे देत आहोत, असेच त्यांना वाटत होते.

तुम्ही मध्यस्थांना लेखी विचारा : ही रक्कम दत्तक संस्थेने आधी दिलेल्या खर्चाच्या तक्त्यात आहे का, ती कोणत्या बँक खात्यात जाईल, पावती कोणाच्या नावाने मिळेल आणि ती न दिल्यास प्रकरणावर काय परिणाम होईल. ज्या मागणीला उजेड सोसत नाही, ती बहुतेक वेळा या चार प्रश्नांनी आपोआप विरघळते. न विरघळल्यास दत्तक संस्थेला आणि तुमच्या देशाच्या केंद्रीय प्राधिकरणाला, म्हणजे अशी दत्तक प्रकरणे पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेला, कळवा. यामुळे विलंब होणारच नाही, असे आश्वासन मी देणार नाही. तो होऊ शकतो आणि त्या काळात मूल तिथेच राहील, ही बोच खरी आहे. परंतु पंधरा वर्षांनी हेच मूल आपली फाइल वाचायला मागेल आणि माझ्यासाठी कोणाला काय दिले होते, असे विचारील, तेव्हा तुमच्या हातात पावत्या असाव्यात. एखाद्या देशाच्या कायद्यानेच संस्थेच्या खर्चापोटी रक्कम ठरवून दिली असेल आणि ती बँकेमार्फत पावतीसह जात असेल, तर ती भरावी लागेलच. त्यावर आपली मते काहीही असोत.

मनापासून काही द्यायचे असेल, तर माझा सल्ला उशीर करण्याचा आहे. आदेश झाला, घरी आलात, ठरलेले पाठपुरावा अहवाल पाठवून झाले, की मग द्या. तेव्हा त्या देणगीच्या बदल्यात तुम्हाला कोणाकडून काही हवे नसेल.

प्रश्न : देणगीदारांना भरवसा वाटावा म्हणून आम्हाला पाठवलेले मुलाचे छायाचित्र आणि त्याची थोडी माहिती आवाहनासोबत द्यावी का?

उत्तर : देऊ नये. कराराच्या कलम ३१ नुसार दत्तकासाठी गोळा केलेली किंवा पाठवलेली वैयक्तिक माहिती त्याच कामासाठी वापरायची असते. शिवाय आदेश होईपर्यंत ते मूल कायद्याने तुमचे नाही, आणि झाल्यावरही त्याच्या आजाराची किंवा त्याला सोडून दिल्याची हकिगत ही त्याची मालमत्ता आहे. एकदा ती पन्नास मोबाइलांत गेली की मागे घेता येत नाही. आवाहनात वस्तूंची यादी पुरेशी आहे.

प्रश्न : अनाथालयांना मदत करणेच चूक आहे, असे मी वाचले. मुलांनी कुटुंबात वाढावे. मग अनाथालये चालू राहण्यासाठी पैसे का द्यावेत?

उत्तर : तुमच्या म्हणण्याला भक्कम आधार आहे. रुमानियातील बुखारेस्ट शहरात २००० नंतर संस्थांतील १३६ लहान मुलांचा अभ्यास झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा यादृच्छिक पद्धतीने निम्म्या मुलांना प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या घरांत, ठेवण्यात आले. कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक वाढ संस्थेतील मुलांपेक्षा सरस आढळली आणि जी लवकर गेली त्यांना अधिक लाभ झाला. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २००९ मध्ये पर्यायी संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. निव्वळ गरिबीमुळे मूल कुटुंबापासून तोडले जाऊ नये, हे त्यांतील एक प्रमुख सूत्र आहे. अनाथालयांतील पुष्कळ मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, ही गोष्ट वस्तू गोळा करणाऱ्यांना सहसा माहीत नसते. ज्या घराला वह्या आणि औषधे परवडत नाहीत, त्याच्या शेजारच्या अनाथालयात वह्यांचे ढीग येऊन पडले, तर आई मुलाला कुठे ठेवील, याचा विचार करून पाहा.

तरीही आज रात्री त्या संस्थेत झोपणाऱ्या मुलाला कोरडा लंगोट हवाच आहे. म्हणून मी सरसकट नकार देणार नाही. मागितलेल्या, वापरून संपणाऱ्या वस्तू द्याव्यात. नव्या इमारतीसाठी किंवा खाटा वाढवण्यासाठी देऊ नये, कारण वाढलेल्या खाटा भरण्याकडे संस्थेचा कल होतो. मोठी रक्कम असल्यास ती मुलांना त्यांच्या स्वतःच्या घरी परत पोहोचवणाऱ्या किंवा प्रतिपालक कुटुंबे तयार करणाऱ्या कामाकडे वळवावी.

प्रश्न : आमचा मुलगा अडीच वर्षांचा आहे. देणगी देण्याऐवजी संस्थेकडून त्याची एखादी वस्तू मागणे उद्धटपणाचे होईल का?

उत्तर : अजिबात नाही, फक्त आधी दत्तक संस्थेमार्फत विचारून ठेवा. तो रोज ज्या पांघरुणात झोपतो ते किंवा त्याचा नेहमीचा सदरा न धुता मागून घ्या. अनोळखी खोलीतल्या पहिल्या रात्री त्याच्या ओळखीचा तेवढाच एक वास उरतो. संस्थेकडे कपडे मोजके असतात, तेव्हा त्याच मापाचे नवे पांघरूण आणि दोन सदरे बदली म्हणून न्या आणि तेही यादीत लिहा. तो कशावर झोपतो, दिवा चालू लागतो का, रडताना कोण कोणत्या शब्दांनी समजूत घालते, हे त्याला सांभाळणाऱ्या बाईकडून त्याच वेळी दुभाष्यामार्फत विचारून वहीत टिपून घ्या. ते शब्द तिच्या भाषेत, तिच्या उच्चारांनी लिहा आणि विमानात तुम्ही स्वतः ते म्हणून पाहा.