पुळणीवर सायकल आणि गंजलेली चेन

प्रश्न: अलिबागहून नागाव, चौल, रेवदंडा रमतगमत करतो. ओहोटीला पुळणीवरून सायकल नेली, तर दोन दिवसांत चेन तांबूस. काय चुकतं?

उत्तर: खारं पाणी चेनच्या कड्यांत राहतं, तिथूनच गंज धरतो. घरी येताच बादलीभर गोडं पाणी मगाने हळू ओता. सर्व्हिसिंगवाल्याचा जोराचा फवारा नकोच. बेअरिंगचं ग्रीस धुऊन जातं. फडक्याने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग कड्यांमधल्या प्रत्येक रोलरवर, म्हणजे छोट्या फिरत्या नळीवर, चेनच्या तेलाचा एकच थेंब. पेडल उलटं फिरवा आणि बाहेरचं तेल पुसून काढा. इथेच बहुतेक जण कंटाळतात. राहिलेल्या तेलाला वाळू चिकटते, चेन कानशीसारखी दाते खाते. खोबरेल? थंडीत गोठतं. खरं तर नारळी-पोफळीच्या वाड्यांमधला सावलीचा सपाट रस्ताच बरा.