पाचवीतल्या मुलाला दुसरीच्या गटात का बसवलं? (वाचकांचे प्रश्न)

शाळा सुटल्यावर मुलांचा अभ्यास घेणाऱ्या, सुट्टीत वर्ग चालवणाऱ्या, पालकांना हाताशी धरणाऱ्या शेजारपाजारच्या छोट्या संस्थांबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या वेळी म्हटलं होतं. भरपूर आले. काही पालकांचे, काही तिथे शिकवणाऱ्यांचे. बरेच प्रश्न एकसारखे होते म्हणून त्यातले हे निवडले, नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न: माझा मुलगा पाचवीत आहे. घराजवळच्या संस्थेत संध्याकाळच्या वर्गाला घातलं तर तिथल्या ताईंनी दोन मिनिटं काहीतरी वाचायला लावलं आणि सरळ दुसरी-तिसरीच्या मुलांमध्ये बसवलं. घरी येऊन रडला तो, मलाही फार लागलं मनाला. शाळेत तर पास होतोय ना. हे बरोबर आहे का, की काढून घेऊ? (एक आई)

उत्तर: ताई, काढू नका, एवढ्यात तरी नको. तुम्हाला राग आला ते कळतंय मला, पण त्या ताईंनी जे केलं ते विचार करून केलेलं दिसतंय. पाचवीच्या वर्गात बसणारं मूल पाचवीचंच वाचत असतं असं आपण धरून चालतो आणि शाळाही तेच धरून पुढे जाते, कारण पुस्तक संपवायचं असतं, मग ज्याचं दुसरीत जोडाक्षरांपाशी अडलं ते तिथेच राहतं आणि पुढची तीन वर्षं तो नुसता फळ्यावरचं उतरवून काढतो. उतरवणं छान जमतं म्हणून वही भरलेली दिसते आणि पासही होतो.

१९९५ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधून सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेचं काम बरंचसं याच गोष्टीवर उभं आहे. त्यांचा बालसखी कार्यक्रम होता, त्यात त्याच भागातली शिकलेली एखादी मुलगी तिसरी-चौथीत मागे पडलेल्या मुलांचा छोटा गट वेगळा घेऊन रोज दोनेक तास फक्त पायाचं वाचन आणि गणित शिकवायची. मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ पासून त्याची रीतसर तपासणी झाली, म्हणजे काही वर्गांना बालसखी दिली, काहींना नाही, आणि मग तुलना केली. तपासणाऱ्यांमध्ये अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि सगळ्यात जास्त फायदा सगळ्यात मागे असलेल्यांना झाला. त्या मुली काही मोठ्या पदव्या घेतलेल्या शिक्षिका नव्हत्या बरं का. मूल जिथे अडलंय तिथून त्यांनी सुरुवात केली, एवढंच.

आणि ते दोन मिनिटांचं वाचन म्हणताय ना, ते बहुतेक असं असेल: अक्षरं, मग साधे शब्द, मग पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा, मग दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलांना कितपत वाचता येतं हे बघणारी 'असर' नावाची पाहणी आहे, तिच्यात २००५ पासून घरोघरी जाऊन हेच विचारतात. मूल कुठे अडखळलं ते लगेच कळतं, त्याला तास-तास परीक्षा लागत नाही.

पण तुमच्या मुलाचं रडणंही खरंच आहे, ते उडवून लावू नका. संस्थेत जा आणि तीन गोष्टी विचारा. हा गट फक्त वाचनापुरता आहे का, की गणितालाही तिथेच बसवलंय? (गणित येत असेल तर तिथे वरच्या गटात बसायला हवा.) पुन्हा कधी तपासणार आणि गट कधी बदलणार? आणि तिसरं, गटाला काय म्हणतात? 'दुसरीचा गट', 'कच्ची मुलं' असं काही म्हणत असतील तर तिथे मात्र भांडा. गटाला काहीही नाव द्या, फुलाचं द्या, रंगाचं द्या, पण इयत्तेचं नको. एक-दोन महिने झाले तरी कुणाचाच गट बदलत नसेल तर समजायचं की मुलांना नुसतं वेगळं बसवून ठेवलंय, शिकवत कुणी नाहीये. तेव्हा काढायचा विचार करा.

प्रश्न: मी अशाच एका संस्थेत व्हॉलंटियर आहे. वर्ग सुटला की अर्धे पालक वेळेवर येतात आणि बाकीचे अर्धा तास, कधी पाऊण तास उशिरा. आम्हालाही घर आहे. मीटिंगमध्ये ठरतंय की उशीर झाला तर थोडा दंड लावायचा. मला पटत नाहीये पण मुद्दा मांडता येत नाही. (व्हॉलंटियर, नाव नको)

उत्तर: तुमचा मुद्दा हैफामध्ये आधीच मांडून झालाय. इस्रायलमधल्या या शहरात १० पाळणाघरांमध्ये नेमका हाच प्रयोग झाला, युरी नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी तो २००० साली छापला. सहा पाळणाघरांत उशिरा येणाऱ्यांना छोटासा दंड लावला, चारांत नाही. दंड लावलेल्या ठिकाणी उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेला, जवळजवळ दुप्पट झाला. कारण आधी पालकांना वाटायचं की बाई आपल्यासाठी खोळंबल्यात, लाज वाटायची. दंड आला तशी लाज गेली, पैसे टाकले की उशिरा यायची मुभा. आणि पुढचं तर अजूनच वाईट, काही आठवड्यांनी दंड काढून टाकला तरी उशीर काही पहिल्यासारखा खाली आला नाही. म्हणजे एकदा लाज गेली की गेली.

हे मीटिंगमध्ये सांगा. पण सांगून झालं की दुसरं काम पण करा, उशिरा येणाऱ्यांची यादी काढा आणि प्रत्येकाला वेगळं, निवांत विचारा की का होतो उशीर. मला वाटतं त्यातल्या बऱ्याच जणांची कामावरून सुटायची वेळच तुमच्या वर्गाच्या वेळेनंतरची निघेल. मग वेळ कुणी ठरवली होती, कुणाला विचारून? वर्ग अर्धा तास उशिरा सुरू करता येतो, दोन शेजारच्या घरांनी मिळून मुलं न्यायची असंही लावून देता येतं, शेवटचा अर्धा तास नुसता वाचनाचा किंवा खेळाचा ठेवून फक्त दोन व्हॉलंटियरची पाळी लावता येते. त्यातला कुणी एक जण मुलांसोबत एकटा राहणार नाही एवढं बघा, मोठी माणसं कायम दोन हवीत. यात कुणावर संशय घ्यायचा विषय नाही, नियमच तसा असावा आणि तो सगळ्यांना सारखा असावा, ट्रस्टींना सुद्धा.

प्रश्न: मला लिहिता-वाचता येत नाही, हे पत्र पुतणीकडून लिहून घेतोय. संस्थेतली मॅडम म्हणते घरी पण मुलीचा अभ्यास घ्या. मी काय घेणार? मीटिंगला बोलावतात तर जायची पण लाज वाटते. (एक वडील)

उत्तर: दादा, पहिलं सांगतो, ती मॅडम चुकीचं बोलली. मनाने वाईट नसेल, पण चुकीचं बोलली. 'अभ्यास घ्या' हे वाक्य ज्याला येतं त्यालाच उपयोगी आहे, बाकीच्यांना ते नुसतं खाली मान घालायला लावतं. पालक काय करू शकतात हे आधी बघायचं आणि मग काम सांगायचं, हे संस्थेचं काम आहे.

तुम्ही काय करू शकता ते सांगतो. मुलीला रोज थोडा वेळ गोष्ट वाचून दाखवायला सांगा आणि तुम्ही ऐका. नुसतं हूं हूं नको, मध्ये मध्ये विचारा: मग काय झालं? तो का पळाला? तू असतीस तर काय केलं असतंस? चित्रांचं पुस्तक असेल तर अजून सोपं, अक्षरं न वाचता दोघं मिळून चित्रावरून गोष्ट रचा. यामागे अभ्यास आहे. १९८८ मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही आईवडिलांना एवढंच शिकवलं की लहान मुलाबरोबर पुस्तक बघताना तुम्ही कमी बोला, त्याला जास्त बोलतं करा, ज्यांचं उत्तर नुसतं हो-नाही असं देता येत नाही असे प्रश्न विचारा, तो जे म्हणेल त्यात थोडी भर घालून परत म्हणा. महिनाभरात ती मुलं बोलण्यात बाकीच्या मुलांच्या पुढे गेली, खरं तर पुस्तक दोन्हीकडे वाचलं जात होतं. फरक विचारण्यात होता, आणि विचारायला अक्षरओळख लागत नाही. शिवाय ती मुलं अगदी छोटी होती, म्हणून तुमच्या मुलीला धाकटं भावंड असेल तर त्यालाही शेजारी बसवा.

आणि घरात जी भाषा बोलता त्याच भाषेत बोला, शाळेची भाषा वेगळी असली तरी. मोडकीतोडकी शाळेची भाषा घरी बोलायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, ज्या भाषेत तुम्हाला गोष्ट रंगवता येते तीच मुलीला द्या. मीटिंगला मात्र जा. पुढच्या वेळी मॅडमला सांगा की मला कागद वाचता येत नाही, तोंडी सांगा. हे वाक्य एकदा बोलून टाकलं की पुढचं सोपं होतं, आणि खोलीत तुमच्यासारखे अजून चारजण असतात जे कागद हातात धरून नुसते बसलेले असतात.

प्रश्न: वर्गाला आल्यावर स्टिकर, महिनाभर आल्यावर पेन, पुस्तक वाचलं तर सर्टिफिकेट, अशी योजना करतोय. चालेल?

उत्तर: यायला लागावं म्हणून सुरुवातीला स्टिकर ठीक आहे. वाचण्यासाठी नको. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायची आवड असलेल्या छोट्या मुलांना सांगितलं की चित्र काढलं तर सर्टिफिकेट देऊ, आणि पुढे मोकळ्या वेळात त्याच मुलांनी चित्र काढणं कमी केलं. ज्यांना न सांगता अचानक सर्टिफिकेट मिळालं त्यांच्यावर असा परिणाम झाला नाही. तेव्हा द्यायचंच असेल तर आधी जाहीर करू नका. आणि खरं सांगू का, पुस्तक वाचलं म्हणून दुसरं पुस्तक घरी न्यायला द्या, हरवलं तर हरवलं.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका आहे. चार मैत्रिणी मिळून आमच्या भागात मुलांसाठी काहीतरी सुरू करायचं आहे. जागा नाही, पैसे फार नाहीत. कुठून सुरुवात करावी? रजिस्ट्रेशन आधी की मुलं आधी?

उत्तर: बाई, मुलं आधी. त्याहीआधी घरं. महिनाभर नुसतं फिरा, कोणती मुलं दुपारी कुठे असतात, कोण लहान भावंडांना सांभाळत बसतं, कुणाच्या घरी संध्याकाळी शांतता नसते. हे न बघता वर्ग काढला तर जी मुलं कुठेही शिकली असती तीच तुमच्याकडे येतील आणि तुम्हाला वाटेल काम छान चाललंय.

जागेची काळजी करू नका. रोममध्ये सॅन लॉरेन्झो नावाच्या गरीब भागात ६ जानेवारी १९०७ ला मारिया मॉन्टेसरींनी पहिलं बालगृह उघडलं ते भाड्याच्या घरांच्या एका इमारतीतल्या खोलीत. आईबाप कामाला गेले की मुलं जिन्यात हुंदडायची, भिंती खराब करायची, म्हणून इमारतवाल्यांनाच ती मुलं एका जागी सांभाळायला कुणीतरी हवं होतं! मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. शिकवणाऱ्या बाईने त्याच इमारतीत राहायचं आणि प्रत्येक आईने आठवड्यातून एकदा तरी येऊन तिच्याशी मुलाबद्दल बोलायचं, असा नियमच होता तिथे. मॉन्टेसरी म्हटलं की लोकांना लाकडी साहित्य आठवतं, हा नियम कुणी उचलत नाही. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर मुलं गुरं चारायला जातात म्हटल्यावर शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा.

आता एक कडू गोष्ट, कारण तुम्ही उत्साहात आहात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ ला मुलांनी गुन्ह्यांकडे वळू नये म्हणून एक मोठा उपक्रम सुरू झाला, ५०६ मुलगे निवडले, निम्म्यांना कित्येक वर्षं घरी येणारे सल्लागार, अभ्यासाला मदत, उन्हाळी शिबिरं, सगळं दिलं, निम्म्यांना काही नाही. सुमारे ३० वर्षांनी जोन मॅकॉर्ड या संशोधक बाईंनी त्या सगळ्यांना शोधून काढलं आणि १९७८ मध्ये जे छापलं ते वाचून लोक हादरले, मदत मिळालेल्यांची अवस्था काही बाबतीत न मिळालेल्यांपेक्षा वाईट होती, दारू, आजारपण, पुन्हा गुन्हे. आणि त्यातल्या बहुतेकांना विचारलं तर म्हणाले, फार मदत झाली आम्हाला! का झालं यावर बरेच तर्क आहेत, मदतीची सवय लागली, अपेक्षा वाढल्या आणि पुढे कुणी नव्हतं, शिबिरात वाढत्या वयाची मुलं एकमेकांकडून नको ते शिकली. मी हे घाबरवायला सांगत नाहीये. पण 'मुलं खूश आहेत, पालक आभार मानतात' हा पुरावा धरू नका. सुरुवातीलाच प्रत्येक मुलाला काय वाचता येतं ते तारखेसकट वहीत लिहा आणि दर दोन महिन्यांनी परत बघा. वाढ नसेल तर तुमची पद्धत बदला, मूल नाही.

आणि चौघींना झेपेल तेवढीच मुलं घ्या. आठवड्यातून तीन दिवस म्हटलं तर तीनच दिवस, पण ते चुकवायचे नाहीत. कागदपत्रं, रजिस्ट्रेशन वगैरे देणगी घ्यायची वेळ आली की बघा, तेव्हा मात्र जाणकाराला विचारून नीट करा, हिशेब पहिल्या दिवसापासून ठेवा.

प्रश्न: संस्था आमच्या मुलांचे फोटो 'गरीब मुलांना मदतीचा हात' असं लिहून सगळीकडे टाकते. बोललं तर मुलाला काढतील का अशी भीती वाटते.

उत्तर: बोला, आणि चार पालक मिळून बोला, एकट्याने नको. मुलांचं खाजगीपण हा संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातला हक्क आहे, कलम १६ बघा. फोटो हवा असेल तर पालकांची आणि मुलाची परवानगी घ्यावी, नाव-शाळा लिहू नये, आणि तुम्ही नाही म्हणालात तरी मुलाची जागा जाता कामा नये, हे लेखी मागा. डोनरला दाखवायचंच असेल तर वाचनाच्या वहीतली वाढ दाखवता येते, नावं झाकून.

प्रश्न: माझ्या वाढदिवसाला एक दिवस जाऊन मुलांना शिकवायची इच्छा आहे. संस्थेला कसं विचारू?

उत्तर: विचारा की कपाट लावायला, फाटकी पुस्तकं चिकटवायला कुणी हवंय का. नक्की हवं असतं. शिकवायचं असेल तर दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, निदान वर्षभर यायची तयारी ठेवा.